मुंबई–न्यूयॉर्कचा हिशेब

ताई, सोलापूरच्या तुमच्या आईबाबांच्या मुंबई–न्यूयॉर्क विमानाला इतका वेळ का लागतो, असं तुम्ही विचारलंत. 12,500 किलोमीटरला ताशी 900ने भागून तुम्ही जेमतेम 14 तास काढलेत, आणि तिकिटावर 16 दिसतायत. ते अंतर सर्वांत जवळच्या वाटेचं आहे. पृथ्वीगोलावर मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून बघा, तो सरळ पश्चिमेला न जाता रशिया, स्वीडन, आइसलंडकडून वळून जातो. विमानाला नेहमी तीच वाट मिळत नाही. एप्रिल 2025मध्ये पाकिस्तानचं आकाश भारतीय कंपन्यांना बंद झालं, तेव्हा वळसे वाढलेच.

शिवाय वरचे वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात. जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. म्हणून परतीचा प्रवास बहुधा कमी वेळाचा.

तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात, हे मात्र आईबाबांना नीट समजवा. रात्री 1:30ला निघून सकाळी 7:30ला पोचलं, तर ते 6 तास नव्हेत. भारत आणि न्यूयॉर्कच्या घड्याळांतला उन्हाळ्यातला साडेनऊ तासांचा फरक मिळवा, म्हणजे साडेपंधरा.

विमान मध्यरात्रीचं असेल तर सोलापूरहून सकाळची वंदे भारत बरी, दुपारी मुंबईत. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने सकाळीच पोचून वयस्कर माणसांना दिवसभर ताटकळत ठेवू नका.