पाचवीला तर्ककोडी: सुरुवात कशी करावी?

प्रश्न: ४० मुलं, ३५ मिनिटांचा तास. थेट ९×९ सुडोकू दिलं की बरीच मुलं अंदाजाने आकडे भरतात. काय करावं?

उत्तर १: ४×४ घ्या. एकच उत्तर यायला तिथे किमान ४ आकडे द्यावे लागतात. पहिल्या दिवशी ८ द्या. दोघांत एक कोडं, पेन्सिलीऐवजी आकड्यांच्या चिठ्ठ्या. ठेवताना ‘इथे ३च का?’ हे जोडीदाराला सांगायचंच.

उत्तर २: त्याआधी ३×३ तक्ता घ्याच! ओळींना नावं: मीना, सलीम, जॉन. रकान्यांना फळं: आंबा, पेरू, केळं. प्रत्येकाकडे वेगळं फळ. ‘सलीमकडे केळं. मीनाकडे आंबा नाही.’ एवढ्यावर सुटतं. मुलं बरोबरची खूण करतात, पण त्याच ओळीत नि रकान्यात फुल्या मारायला विसरतात, तिथेच अडतात.

प्रश्नकर्ता: चिठ्ठ्या किती?

उत्तर १: १ ते ४च्या प्रत्येकी ४. जोडीला १६, वर्गाला ३२०.