देवमाशाच्या अंगावरचा बार्नेकल: बांडगूळ म्हणायचं का?

निवांत_नाखवा: सध्या व्हिडिओ फिरतायत. होडीतला माणूस देवमाशाच्या तोंडावरचे बार्नेकल (कातडीला चिकटून राहणारे छोटे कवचधारी समुद्री प्राणी) पटाशीने खरवडतो आणि देवमासा जणू आभार मानतो. बरेचसे एआयचे आहेत, ते सोडा. खालच्या कॉमेंटी वाचून डोकं फिरलं: 'बिचारा सुटला एकदाचा!' अहो, बार्नेकल रक्त पीत नाही, मांस खात नाही. पिसांसारखे पाय बाहेर काढून पाण्यातलं प्लवक (तरंगणारे सूक्ष्म जीव) गाळून खातो. कवच कातडीत रुतलेलं असतं, उपटलं तर जखमच होणार. माझ्या मते हा बांडगूळ नाही, निरुपद्रवी बिऱ्हाडकरू आहे.

खवचट_खेकडा: भाडं न देणारा! एका हंपबॅक जातीच्या देवमाशावर साडेचारशे किलोपर्यंत बार्नेकल असू शकतात म्हणे.

निवांत_नाखवा: हंपबॅक 30 टनांचा असतो. दीड टक्का झाला.

खवचट_खेकडा: वजनाचं कोण बोलतंय? प्रश्न पाण्याच्या रोधाचा आहे. जहाजांचे तळ खरवडायला कंपन्या उगाच पैसे घालवतात का? ग्रे व्हेल जातीचा देवमासा मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियातून आर्क्टिककडे जाऊन परत येतो, 16 हजार किमीच्या वर, आणि वाटेत फारसं खातही नाही. अशात खडबडीत अंग म्हणजे जास्तीची चरबी जळणार. शिवाय बार्नेकलच्या सांदीकोपऱ्यांत देवमाशाच्या उवा लपतात.

मधलीआळी: हे कालवांसारखेच ना?

निवांत_नाखवा: नाही हो, खेकडे-कोळंबीचे भाऊबंद. पूर्वी शिंपल्यांत धरायचे. डार्विनने 1846 ते 1854 अशी आठ वर्षं याच प्राण्यांपायी घालवली.

सौ_समुद्र: एक मुद्दा राहिला. हंपबॅकचे नर मादीसाठी भांडतात, तेव्हा बार्नेकल लागलेल्या पराचा फटका जास्त लागत असणार. ऑर्कांशी, म्हणजे शिकारी किलर व्हेलशी, दोन हात करतानाही उपयोग होत असेल, असं काही संशोधक म्हणतात.

खवचट_खेकडा: तो अजून तर्कच आहे. आणि ग्रे व्हेलचं काय? तो बहुधा उजव्या कुशीवर वळून समुद्रतळाचा गाळ उपसून खातो, त्यामुळे त्या बाजूचे बार्नेकल घासून जातात. त्या बाजूला बार्नेकलवाचून त्याचं काही अडलेलं दिसत नाही.

निवांत_नाखवा: पण कवचातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून (वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून) देवमासा कुठल्या पाण्यातून फिरला ते कळतं. हे तरी मान्य करा!

खवचट_खेकडा: मान्य. पण तो फायदा संशोधकांचा. देवमाशाला काय मिळालं ते सांगा.