ईबेवरच्या 'टॉप रेटेड सेलर' बिल्ल्यामागे धावावं का? (जुनी एचएमटी घड्याळं, सातारा)

सातारची_चावी:

नमस्कार मंडळी. माझे बाबा साताऱ्यात चाळीस वर्षं घड्याळजी होते. आता नजर साथ देत नाही म्हणून दुकान आवरलं, पण कपाटात एचएमटीचा माल तसाच होता. सगळी चावीची घड्याळं: जनता, पायलट, सोना, कोहिनूर. काही जनतांच्या तर डायलवर नावसुद्धा देवनागरीत आहे. इथे त्याला कोणी विचारत नाही आणि अमेरिकेतले हौशी लोक मात्र त्यावर बोली लावतात. म्हणून गेल्या वर्षी आयईसी (निर्यातदाराचा सरकारी क्रमांक) काढला, बँकेकडून एडी कोड (निर्यातीच्या पैशांसाठी लागणारा बँकेचा कोड) नोंदवून घेतला आणि ईबेवर खातं उघडलं.

दहा महिन्यांत अमेरिकेतल्या ७४ ऑर्डरी झाल्या, विक्री ४,३०० डॉलरच्या आसपास. एक पार्सल उशिरा गेलं, रद्द एकही नाही. माझ्या पानावर 'अबव्ह स्टँडर्ड' दिसतं, म्हणजे टॉप रेटेडच्या एक पायरी खाली. टॉप रेटेड व्हायला बारा महिन्यांत १०० व्यवहार आणि १,००० डॉलर लागतात. डॉलर झाले, व्यवहार २६ कमी पडतायत.

मनात असं आहे की पाच-पाच डॉलरचे चामडी पट्टे टाकून आकडा भरून काढावा. थोडा तोटा होईल, पण बिल्ला मिळेल आणि फीमध्ये १० टक्के सूट. सिअॅटलचा आतेभाऊ म्हणतो, "दहा मीच घेतो, घाबरू नकोस." बाबा म्हणतात, "गिऱ्हाईक घड्याळ बघून घेतं का पाटी बघून?"

तुमच्यापैकी कोणाकडे हा बिल्ला आहे? खरंच फरक पडतो?

गिरगावचा_लंबक:

ताई, आधी आतेभावाला आवरा. ओळखीच्या माणसाकडून खोटी खरेदी करून आकडा फुगवणं ईबेच्या नियमात बसत नाही. सापडलं तर बिल्ला राहिला बाजूला, खात्यावरच गदा येईल.

आता पट्ट्यांचं. २०२५ च्या २९ ऑगस्टपासून अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची ड्युटीमाफी बंद केली. त्याआधी चार दिवस आपल्या टपालाने तिकडची पार्सलं घेणं थांबवलं होतं, ते १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झालं. आता ड्युटी आधीच भरून पार्सल जातं. पाच डॉलरच्या पट्ट्याला टपालखर्च, ड्युटी आणि वर दर ऑर्डरमागे ईबेचे ४० सेंट (दहा डॉलरच्या आत ३०). असे २६ पट्टे म्हणजे पैसे देऊन बिल्ला विकत घेणं.

आणि ती सूट तुम्ही समजताय तशी नाही. मीही पहिल्यांदा फसलो होतो. १० टक्के सूट विक्रीवर नाही, फीवर आहे. घड्याळांना हजार डॉलरपर्यंत १५ टक्के फी. ६० डॉलरच्या जनतावर फी ९ डॉलर, त्याचे १० टक्के म्हणजे ९० सेंट. चहा आणि बनमस्का. सुरुवातीच्या काळात ही सूट २० टक्के होती, नंतर निम्मी केली.

बरं, ते ९० सेंटसुद्धा टॉप रेटेड झाल्या झाल्या मिळत नाहीत. त्या लिस्टिंगला (विक्रीला टाकलेल्या वस्तूच्या पानाला) 'टॉप रेटेड प्लस' लागतं. म्हणजे ऑर्डर आल्यावर त्याच दिवशी किंवा एका कामाच्या दिवसात पार्सल रवाना करायचं आणि ३० दिवसांचं फुकट रिटर्न द्यायचं. गिऱ्हाइकाला लिस्टिंगवर शिक्का दिसतो तोही प्लसचाच. म्हणजे नुसत्या टॉप रेटेडची पाटी दुकानाच्या आतल्या भिंतीवर लावल्यासारखी.

आता माझं वहीतलं गणित. गेल्या वर्षी अमेरिकेत ११८ ऑर्डरी, त्यात ४ परत आल्या. तिकडून मुंबईला ट्रॅकिंगसकट पार्सल यायला मला ४५ डॉलरच्या घरात खर्च येतो. फुकट रिटर्न म्हणजे तो माझ्या खिशातून. ६० डॉलरच्या मालावर ९० सेंट सुटतात, तेव्हा एका रिटर्नचा खर्च भरून यायला ५० ऑर्डरी लागणार. २५० डॉलरच्या मालावर ३ डॉलर ७५ सेंट सुटतात, तिथे १२ ऑर्डरींत भागतं. माझं रिटर्न साधारण तिसात एक. म्हणून शंभर डॉलरच्या वरच्या घड्याळांनाच प्लस लावतो. प्लस लिस्टिंगवार ठरवता येतं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

मग बिल्ल्याचा उपयोग काय? आपल्या धंद्यात थोडा आहे, आणि त्याचं कारण जरा लाजिरवाणं आहे. जगभरच्या घड्याळवेड्यांत 'मुंबई स्पेशल' ही शिवी आहे. कुठल्याही जुन्या मशीनवर भडक रंगवलेली डायल चढवायची, केस घासून घासून आरसा करायचा आणि 'मिंट कंडिशन' म्हणून विकायचं. हे उद्योग आमच्याच शहरातून झाले, खोटं कशाला बोलू. नव्या गिऱ्हाइकाला जुने खेळाडू पहिला सल्ला देतात तो हाच, की पत्ता मुंबई, इंडिया दिसला की पुढे चला. तिथे तो छोटा शिक्का माणसाला दोन मिनिटं थांबवतो. पुढचं काम फोटोंचं. माझ्या डायलला रंग दिलेला असेल तर मी ते मथळ्यातच लिहितो. दोन गिऱ्हाइकं जातात, उरलेली भांडत नाहीत.

तुम्हाला धीर येईल अशी एक गोष्ट: नियम वाचून वाटतात तेवढे कडक नाहीत. डिफेक्टची मर्यादा अर्धा टक्का. ११८ ऑर्डरींत अर्धा टक्का म्हणजे एकसुद्धा चूक चालणार नाही, असं वाटतं ना? पण चार वेगवेगळ्या गिऱ्हाइकांकडे डिफेक्ट झाल्याशिवाय टॉप रेटेड जात नाही. पहिले तीन पोटात घालतात. उशिरा पाठवण्याचं ३ टक्के, पण पाचपर्यंत माफ. निगेटिव्ह फीडबॅक आला तर त्याची गणना डिफेक्टमध्ये होतच नाही. मोजतात दोनच गोष्टी: तुम्ही स्वतः रद्द केलेली ऑर्डर, आणि तुम्ही न सोडवल्यामुळे ईबेला निकाली काढावी लागलेली तक्रार.

माझा एक डिफेक्ट शुद्ध मूर्खपणाचा. काळ्या डायलचं पायलट दादरला एकाला हातोहात विकलं, लिस्टिंग काढायचं राहिलं आणि रात्री ओहायोतून ऑर्डर. माल नाही, रद्द. तेव्हापासून विकायचं घड्याळ घराबाहेर नेत नाही.

पण माझा बिल्ला गेला तो असल्या चुकांनी नाही. मुलीच्या लग्नाच्या गडबडीत तीन महिने काही टाकलंच नाही. महिन्याच्या २० तारखेला ईबे हिशेब करतं. त्या २० तारखेला बारा महिन्यांचे व्यवहार ९६ भरले आणि सकाळी बिल्ला गायब. विक्री पडली का? खरं सांगतो, मला जाणवली नाही. पाच महिन्यांनी परत आला, तेव्हाही उड्या मारल्यासारखं काही झालं नाही.

एडिसनची_हिशेबनीस:

लंबक काका, तुमच्या वहीत एक घोळ आहे. रागावू नका, पोटापाण्याला हेच करते. मी इथे न्यू जर्सीत घरून जुनी फाउंटन पेनं विकते, प्लस सगळ्या लिस्टिंगना लावलंय.

तुमची जी ४ रिटर्न आली, त्यांची कारणं काय होती? 'माल वर्णनाप्रमाणे नाही' म्हणून परत आलं तर परतीचा खर्च तसाही विकणाऱ्याच्याच माथी येतो, फुकट रिटर्न ठेवा नाहीतर नको. प्लसमुळे तुमच्यावर जादा पडतं ते फक्त 'आवडलं नाही, नको' या रिटर्नचं. तेवढीच मोजायला हवीत.

माझ्याकडे एक मात्र दिसलं: फुकट म्हटलं की 'घालून बघू' वाले येतात. पेनाच्या निबेला ते शाई लावून बघणारच. फुकट रिटर्न देणाऱ्याला वापरून परत केलेल्या मालावर रिफंडमधून ५० टक्क्यांपर्यंत कापता येतात, मी दोनदा कापलेत. पण माझं रिटर्न दहा डॉलरच्या आत घरी येतं. साताऱ्याला तसं होणार नाही.

गिरगावचा_लंबक:

वही काढली. चारपैकी तीन 'वर्णनाप्रमाणे नाही'. तिन्हींत तक्रार एकच: घड्याळ दिवसाला पाच-सात मिनिटं मागे पडतं. चौथा म्हणे मनगटावर लहान दिसतं. (पस्तीस मिलिमीटर लिहिलेलं असताना!)

म्हणजे जादा खर्च ११८ मध्ये एकाचाच, ४५ डॉलर. आणि सगळ्यांना प्लस लावलं असतं तर सगळी घड्याळं साठचीच धरली तरी ११८ गुणिले ९० सेंट, १०६ डॉलर. तीन वर्षं मी शंभर डॉलरची रेघ ओढून स्वतःला शहाणा समजत होतो. मान्य, बाई.

तरी ६० डॉलरच्या जनताला लावायला हात धजत नाही. 'घालून बघू' वाले दोन वाढले की तुमचे १०६ गेले. दिवाळीनंतर वीस घड्याळांवर लावून बघतो.

बाझीपासूनचा:

मी बाझी डॉट कॉम या देशी लिलाव-साइटच्या काळातला. २००४ मध्ये ईबेने बाझी घेतली, मग आम्ही ईबे इंडियावर पॉवरसेलर (तेव्हाचा विक्रेत्यांचा बिल्ला) झालो. तेव्हा मान होता हो. नाण्यांच्या प्रदर्शनात लोक आयडीने हाक मारायचे. २०१७ मध्ये ईबे इंडिया फ्लिपकार्टकडे गेलं आणि १४ ऑगस्ट २०१८ ला दुकानाला टाळं. पैसापे (तिथली पैसे भरायची सोय) गेलं, पॉवरसेलर गेला. मी त्या चिन्हासकट व्हिजिटिंग कार्डं छापली होती, अजून पाचेकशे शिल्लक आहेत. मागच्या कोऱ्या बाजूवर वाणसामानाच्या याद्या करतो.

एक फरक सांगतो. जुना पॉवरसेलर उलाढालीवर असायचा. अमेरिकेत महिन्याला १,००० डॉलरला ब्राँझ, तिथपासून दीड लाखाला टायटॅनियम. फीडबॅक ९८ टक्के सांभाळलं की झालं. २००९ मध्ये टॉप रेटेड आलं आणि तुम्ही किती विकता यापेक्षा कसं विकता ते बघायला लागले. लहान माणसाला हे बरंच म्हणायचं.

आणि ताई, कपाटात बाबांच्या बाबांच्या वेळचं खिशातलं घड्याळ निघालं तर शंभर वर्षांचं आहे का ते बघा. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभरी गाठलेल्या वस्तू देशाबाहेर पाठवता येत नाहीत. नाण्यांच्या धंद्यात मी माणसं अडकलेली पाहिली आहेत. एचएमटीला ती भीती नाही, त्यांचं पहिलं घड्याळ १९६१ चं.

सातारची_चावी:

सगळ्यांचे आभार. पट्टे रद्द. आतेभावाला कळवलं, तो जरा हिरमुसला. त्याला खरंच एक कोहिनूर हवं होतं म्हणे, आता दिवाळीत येईल तेव्हा बाबा हातात देतील.

एक शंका: प्लससाठी एका दिवसात पार्सल. साताऱ्याहून जमेल का? मी शाळेत शिकवते, चारला सुटते.

गिरगावचा_लंबक:

जमतं. तिकडे दुपारी कोणी घेतलं की आपल्याकडे रात्र असते. उठायच्या आत ऑर्डर आलेली, सकाळी पॅक केलं की तो दिवस हातात. मुद्दा एवढाच की पावतीवर नंबर मिळाला म्हणजे झालं नाही, पार्सल स्कॅन झालं पाहिजे. माझ्या एका कुरियरवाल्याने शनिवारी उचललेलं पोतं सोमवारी स्कॅन केलं, तीन उशिरा लागले. आता मी स्वतः खिडकीवर उभा राहतो. साताऱ्यात डाकघर निर्यात केंद्र कुठल्या ऑफिसात आहे ते विचारा आणि तिथला बुकिंगचा शेवटचा वेळ लिहून घ्या. चारनंतर घेत नसतील तर बाबांना पाठवा. गणपतीत आणि परीक्षांच्या दिवसांत 'टाइम अवे' (ईबेवरची सुट्टीची सोय) लावून ठेवा.

सातारची_चावी:

बाबांना तुमचं ते 'दिवसाला पाच-सात मिनिटं मागे' वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी भिंग मागून घेतलं, पहिल्या सहा जनता काढल्या, सगळ्यांना रेडिओच्या बातम्यांना चावी दिली. आज तिसरा दिवस. शाळेच्या जुन्या वहीत रोज सकाळी सातला कोणतं किती मागे-पुढे ते लिहितायत, देवनागरी आकड्यांत. दोन मागे पडतायत, ती त्यांनी परत खोललीत. बाकीच्या चारांच्या लिस्टिंगमध्ये शेवटचा फोटो त्या पानाचा टाकते, खाली इंग्रजीत अर्थ देऊन. प्लसच्या अटी चारही घड्याळांना आतापासूनच लावतेय, बिल्ला नसला तरी. सव्वीस व्यवहार व्हायचे तेव्हा होतील.