मदत हवी आहे : स्लॅब टाकण्यापूर्वी त्रयस्थ अभियंत्याकडून तपासणी कशी करून घ्यावी?

कराडजवळ दोन गुंठ्यांच्या जागेवर आई-वडिलांसाठी एकमजली घर बांधत आहोत. ठेका मालासकट दिला आहे. आरसीसी डिझाइन एका कन्सल्टंटकडून घेतले, पण त्यांची फी ड्रॉइंगपुरतीच ठरली असल्याने साइटवर येऊन लोखंड तपासणारे आमच्या बाजूचे कोणीच नाही, आणि मी पुण्यात नोकरीला असल्याने मला फक्त रविवारी जाता येते.

गेल्या रविवारी पहिल्या स्लॅबची बांधणी पाहिली. सळ्या जागोजागी थेट सेंटरिंगच्या प्लायला टेकल्या होत्या. सळी प्लायपासून उचलून धरणाऱ्या कव्हर ब्लॉकऐवजी खाली खडीचे तुकडे सरकवले होते आणि सळी हाताने हलवताच ते निसटत होते. काँक्रीटच्या आयएस 456 या भारतीय मानकाप्रमाणे सौम्य हवामानातही साधारण 20 मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळीबाहेर काँक्रीटचा थर, लागते (12 मिलिमीटरपर्यंतच्या सळीला 15 चालते). ते नसेल तर ओल पोहोचून सळी गंजते, फुगते आणि खालचे काँक्रीट सुटू लागते. बीममध्ये कॉलमजवळ ड्रॉइंगनुसार उभ्या-आडव्या सळ्यांना वेढणाऱ्या रिंगा 100 मिलिमीटरवर हव्यात, टेपने मोजल्यावर अंतर काही ठिकाणी 170 भरले, शिवाय रिंगांचे हूक 135 अंशांत आत न वळवता काटकोनातच सोडले आहेत. असे हूक भूकंपात उघडू शकतात. वडिलांनी 1967 चा कोयनेचा भूकंप लहानपणी पाटणला अनुभवलेला असल्यामुळे रिंगांचे त्यांना लगेच पटले. कव्हरचे मात्र अजून पटलेले नाही. ठेकेदार अनुभवी आहेत, त्यांच्या हेतूवर मला शंका घ्यायची नाही, परंतु ज्यांनी काम केले त्यांच्याच सुपरवायझरने ते बरोबर असल्याचे सांगणे मला पुरेसे वाटत नाही, कारण एकदा काँक्रीट पडले की यातले काहीच दिसणार नाही.

डिझाइन करणाऱ्या कन्सल्टंटनाच प्रत्येक भेटीचे वेगळे पैसे देऊन बोलवावे, की पूर्णपणे दुसरा स्ट्रक्चरल इंजिनिअर नेमावा? दुसरा नेमल्यास ड्रॉइंगच्या जबाबदारीवरून दोघांत वाद होतात का? करारावर सह्या झालेल्या असताना "लेखी मंजुरीशिवाय काँक्रीट टाकू नये" हे कलम पुरवणी पत्राने जोडता येईल का? तसेच काँक्रीटची ताकद पाहण्यासाठी त्याचे 150 मिलिमीटरचे क्यूब (नमुन्याचे ठोकळे) भरून 7 आणि 28 दिवसांनी तपासून घ्यायचे आहेत. कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात खासगी व्यक्तीला ते थेट देता येतात का? स्लॅबचा हप्ता त्याच दिवशी द्यायचा ठरला आहे, तेव्हा 28 दिवसांच्या निकालापर्यंत त्यातली काही रक्कम राखून ठेवण्याची रीत आहे का, हेही कृपया सांगावे.

ठेकेदारांनी विनंती मान्य करून स्लॅब येत्या गुरुवारपर्यंत थांबवला आहे. त्याआधी कराड-सातारा भागात कोणी येऊन तपासून देऊ शकत असल्यास कृपया व्यक्तिगत निरोप पाठवावा.