मदत हवी आहे: पीएम २.५ च्या मॉडेलमध्ये सरासरी जुळते, पण टोकाची माणसं सापडत नाहीत

नमस्कार मंडळी,

हवेतल्या सूक्ष्म कणांना (पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण) माणूस दिवसभरात प्रत्यक्ष किती सामोरा जातो, याचं मॉडेल मी पायथॉनमध्ये लिहितेय. एका जागी पुरती अडकलेय आणि जवळपास विचारायला कुणी नाही.

१०,००० काल्पनिक माणसं घेतली आहेत. प्रत्येकाला दिनक्रम दिलाय: कधी घरात, कधी वाहनात, कधी कामावर, कधी उघड्यावर. बाहेरची पातळी मोजणी केंद्राच्या तासागणिक नोंदींतून येते. वाहन आणि कामाची जागा यांना साधे गुणक लावलेत. घरासाठी नेहमीचं वस्तुमान-संतुलन (आत येणाऱ्या आणि हवेतून जाणाऱ्या कणांचा ताळेबंद) वापरलंय:

घरातली पातळी = बाहेरची पातळी × शिरकाव × हवाबदल ÷ (हवाबदल + निक्षेपण)

शिरकाव म्हणजे बाहेरच्या हवेबरोबर येणाऱ्या कणांपैकी आत पोहोचणारा वाटा, हवाबदल म्हणजे घरातली हवा तासाला किती वेळा बदलते, आणि निक्षेपण म्हणजे कण जमिनी-भिंतींवर बसण्याचा ताशी वेग. यात स्वयंपाकाचे कण वेगळे मिळवते. शिरकाव १ आणि निक्षेपण ताशी ०.४ धरलंय. १९९० साली कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडला झालेल्या पीटीईएएम (PTEAM) या कणांच्या संपर्काच्या अभ्यासात पीएम २.५ साठी याच्या आसपासचेच आकडे आले होते. हवाबदल लॉगनॉर्मल (वरच्या बाजूला लांब शेपूट असलेल्या) वितरणातून उचलते, मध्यक ताशी ०.५.

ताडून पाहायला स्वयंसेवकांनी आठवडाभर अंगावर बाळगलेल्या यंत्रांच्या नोंदी आहेत. सरासरी छान जुळते. पण माझी १०,००० माणसं सगळी त्या सरासरीभोवतीच घोटाळतात, आणि ९५ वा शततमक (ज्याच्या खाली ९५ टक्के माणसं येतात ती पातळी) मोजणीच्या खूप खाली राहतो. म्हणजे ज्यांच्या छातीत सगळ्यात जास्त कण जातात तीच माणसं मॉडेलमध्ये नाहीत. दम्याच्या रुग्णांसाठी काही सांगता यावं म्हणून तर हा खटाटोप सुरू केला, त्यामुळे फार अस्वस्थ व्हायला होतंय.

माणसं १ लाख केली, फरक शून्य. हवाबदलाचं वितरण जास्त पसरवलं, तर टोक जरासं हललं आणि सरासरी बिघडली. दोष केंद्राच्या नोंदींत असेल का? की माझ्या गृहीतकांत?

प्रतिसाद १

आधी एक सांगा, हवाबदलाचा आकडा नक्की कधी उचलता? माणसामागे एकदा, की दर तासाला?

धागाकर्ती

दर तासाला नव्याने. खिडक्या उघडतात-मिटतात, म्हणून तसं ठेवलं.

प्रतिसाद १

मग केंद्राला दोष देऊ नका, चूक इथेच आहे. तुमचा माणूस दर तासाला नव्या घरात राहायला जातोय! आठवड्यातले १०० तास घरात गेले असं धरा. १०० स्वतंत्र आकड्यांची सरासरी काढली की तिचं प्रमाण-विचलन १० पटींनी आक्रसतं. माणसं १ लाख करून त्यावर काहीच होणार नाही.

बाहेर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असताना ताशी ०.२ हवाबदलाच्या बंद घरात २० भरतात, ताशी २ च्या मोकळ्या घरात ५०. हा फरक त्या घराचा आहे, तो आठवडाभर त्या माणसाबरोबर राहायला हवा. घराचा आकडा एकदाच उचला आणि खिडक्यांसाठी त्याच्याभोवती थोडा चढउतार ठेवा.

दिनक्रमही बघा. रोज भलत्याच माणसाचा दिवस चिकटवत असाल तर तिथेही हेच होतंय. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या एपेक्स मॉडेलमध्ये एकाच माणसाच्या दिवसांमधलं साम्य राखायची सोय मुद्दाम केलेली आहे.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. मला शंका स्वयंपाकाची आहे. ते कण दिवसभर सारखे वाटता का?

धागाकर्ती

नाही, ज्या तासात स्वयंपाक त्याच तासात. स्थिर अवस्था धरून, म्हणजे पातळी त्याच तासात समतोलाला पोहोचते असं मानून.

प्रतिसाद २

ते बदला. पीटीईएएममध्ये स्वयंपाकातून मिनिटाला साधारण १.७ मिलिग्रॅम पीएम २.५ निघाल्याचा अंदाज होता. १५० घनमीटरचं घर, अर्धा तास स्वयंपाक, तुमचेच ०.५ आणि ०.४ घ्या. तुमच्या पद्धतीने त्या तासाला ३७८ मायक्रोग्रॅमची भर पडते आणि पुढच्या तासाला शून्य. खरं समीकरण काळानुसार सोडवलं तर अर्ध्या तासाअखेर पातळी २७४ पर्यंत चढते, पहिल्या तासाची सरासरी १८४ येते, आणि तासाभराच्या शेवटीही हवेत १७५ उरलेले असतात. दिवसभर घरात असणाऱ्याची २४ तासांची सरासरी दोन्हींत जवळपास सारखीच, म्हणून तुम्हाला संशय आला नसेल. पण रांधून लगेच बाहेर पडणारा आणि उशिरा घरी येऊन त्याच हवेत बसणारा, या दोघांचे हिशेब साफ चुकतात.

वैयक्तिक ढगही विसरू नका. माणूस हालचाल करतो, स्वतःभोवतीची धूळ उडवतो. त्याच अभ्यासात दिवसा अंगावरच्या यंत्रात पीएम १० (दहा मायक्रॉनपर्यंतचे कण) सुमारे १५० मायक्रोग्रॅम होतं, घरात आणि बाहेर मात्र ९५ च्या आसपास. पीएम २.५ मध्ये हा परिणाम कमी असतो, पण शून्य धरू नका.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री घराचा आकडा माणसामागे एकदाच उचलून पाहिला, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा वितरणाला शेपूट फुटलं! अजून मोजणीइतकं लांब नाही. आता ५ मिनिटांच्या पायरीने समीकरण सोडवायला घेते.

एकच राहिलं: स्वयंपाक कोण करतं हेही माणसामागे कायमचं ठरवू, की दिवसागणिक? माझ्या दिनक्रमांत तेच ते लोक रोज चुलीपाशी दिसतात, त्यामुळे कायमचं ठरवावं असं वाटतंय.

प्रतिसाद १

कायमचं ठरवा. सुट्टीच्या दिवसांपुरती अदलाबदल ठेवा.