थ्रॉटल बॉडी घरीच साफ करायचीये, पहिलीच वेळ आहे, मदत हवी

कराडचा_चालक
मंडळी, गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, ८२ हजार किमी झालेत. गेले ३ आठवडे सिग्नलला क्लच दाबून थांबलो की आरपीएम ५०० च्या खाली जातो, गाडी थरथरते, आणि एसी चालू असला तर सरळ बंदच पडते. परवा चांदणी चौकात बंद पडली, मागे बायको आणि ६ महिन्यांचं बाळ, घाम फुटला मला. चेक इंजिन लाईट नाही. काल एअर फिल्टरनंतरचा रबरी पाईप काढून टॉर्च मारला तर थ्रॉटल बॉडीच्या (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) झडपेच्या कडेला काळं चिकट, बोट फिरवलं तर काजळासारखं बोटाला आलं. गॅरेजवाला अख्खी सर्व्हिस करा म्हणतोय, पण आधी हे स्वतः करून बघायचंय. घरात कार्ब क्लीनर (कार्ब्युरेटर साफ करायचा स्प्रे) आहे, तो चालेल का? आणि झडप बोटाने ढकलली तर काही होतं का?

दहाचा_पाना
दादा आधी एक बघा, झडपेला अॅक्सिलरेटरची केबल येते का नुसतं वायरचं कनेक्टर आहे. २०१४ ची आहे म्हणजे बहुतेक इलेक्ट्रॉनिक असेल. तशी असेल तर इग्निशन चालू असताना बोट अजिबात आत घालू नका, मोटर कधीही झडप मिटवते आणि बोट सापडतं. इंजिन पूर्ण गार होऊ द्या, दहाच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह काढा, १० मिनिटं थांबा, मग कनेक्टर काढा. कार्ब क्लीनर नको, त्यातली काही सॉल्व्हंट कडक असतात, सील आणि आतलं कोटिंग खातात, थ्रॉटल बॉडी क्लीनर म्हणून वेगळा कॅन मिळतो तोच घ्या. आणि आत धबाधबा फवारू नका, फडक्यावर मारा आणि फडक्याने पुसा.

गॅरेजमधला_मुलगा
वरच्यांचं बरोबर आहे, एक भर घालतो. झडप जिथे मिटते तिथे आतल्या भिंतीला काही गाड्यांत करड्या रंगाच्या कोटिंगचा पट्टा असतो, नवीन माणसाला तो मळच वाटतो आणि तो घासत बसतो. फडकं फिरवून काळं येणं थांबलं की तुम्हीही थांबा. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर बिलकुल नाही, कोपऱ्याला जुना मऊ टूथब्रश चालतो. झडपेचा छोटा स्टॉप स्क्रू असतो, तो कंपनीत सेट केलेला असतो, त्याला हात लावू नका. बॉडी खोलून काढणार असाल तर गॅस्केट (जोडातून हवा जाऊ न देणारी चकती) नवीन आणूनच काढा, जुनी दबलेली परत बसवली की तिथून हवा खेचते आणि आयडलिंग (रेस न देता इंजिन चालू राहणं) आणखी बिघडतं.

कराडचा_चालक
झडप बंद असताना मागची बाजू कशी पुसायची मग?

दहाचा_पाना
कनेक्टर काढलेला असताना मी एका बोटाने अगदी हळू उघडतो आणि हळूच सोडतो, आत प्लॅस्टिकचे गिअर आहेत, जोर केला की दात जातात. मन धजत नसेल तर बॉडी काढून टेबलावरच करा. झाल्यावर पहिल्यांदा आरपीएम चढा राहील, घाबरू नका, काजळीमुळे ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) झडप थोडी जास्त उघडायला शिकलेला असतो. एसी, दिवे बंद ठेवून १० मिनिटं नुसती चालू ठेवा, रेस देऊ नका, मग एसी लावा. काही गाड्यांना मात्र स्कॅनरनेच रीलर्निंग, म्हणजे ईसीयूला झडपेची जागा नव्याने शिकवणं, करावं लागतं.

कराडचा_चालक
आज सकाळी केलं! जुन्या बनियनची ३ फडकी काळीभोर झाली, झडपेची कडा पितळेसारखी चमकायला लागली. पहिल्या स्टार्टला १५०० आरपीएम, जीव वरखाली झाला, पण ८-९ मिनिटांत ८०० वर आलं आणि एसी लावल्यावरही गाडी बंद पडली नाही. पाईप परत चढवताना मात्र त्याच्या एका वळीत बोटभर चीर दिसली, बाहेरून कळतच नाही, वाकवल्यावर उघडते, म्हणजे फिल्टर न होता धूळ तिथूनच आत जात होती. पाईप उद्या मिळेल, तोवर गाडी जागची हलवत नाही. दहाचा_पाना, खूप आभार दादा, बायकोनेही सांगायला सांगितलंय.