मदत हवी आहे: तळघर भाड्याने देता येईल का?

आमचं मुलुंडला जुनं छोटं घर आहे, खाली तळघर, आतापर्यंत नुसतं अडगळीचं सामान. बाबा रिटायर झालेत, तर तिथे बाथरूम, किचनचा ओटा बांधून वेगळं दार करून भाड्याने द्यावं असं आईच्या मनात आहे. पण आर्किटेक्ट म्हणतो बेसमेंट राहण्यासाठी वापरता येत नाही, बीएमसीची नोटीस येईल. त्यात ओल आहे, आणि 26 जुलै 2005 ला कंबरभर पाणी भरलेलं, त्यामुळे मलाच भीती वाटते, कोणाचं लहान बाळ असलं तर? लीव्ह अँड लायसन्स (भाड्याचा करार) रजिस्टर करावंच लागतं, पण बेसमेंटचं होतं का? की गोडाऊन म्हणून द्यावं? कोणी केलंय का, प्लीज सांगा.